खिंडीतल्या दगडाचे डोळे

विठू म्हात्रे मिठागरात जन्मला आणि डोंगराचा माणूस झाला, हे कमळाकर गावंडला कधीच पचलं नाही.

पेणच्या खाडीकडची जमीन इतकी सपाट की बांधावर उभा राहिलेला माणूससुद्धा उंच वाटतो. विठूचा बाप जन्मभर त्या मिठागरांत मीठ ओढत राहिला. लहानपणी विठू चढला असेल तर त्या बांधावर, नाहीतर मिठाच्या राशीवर. डोंगर त्याला दिसायचा तो लांबून, पूर्वेला, निळा. कमळाकरचं आजोळ मात्र निडीचं. गुणाजीमामा अवचितगडाच्या रानात लाकूडफाट्याला जायचा आणि सुट्टीत आलेला कमळाकर अनवाणी त्याच्या मागे. दोघांपैकी डोंगर कुणाचा, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर उत्तराला वेळ लागला नसता. विचारलं मात्र कुणी नाही.

दोघे रामवाडीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला होते. विठू कॉम्प्रेसरच्या गनने मूर्तींना अंगाचा रंग मारायचा. संध्याकाळी घरी निघाला की त्याच्या भुवया, कान, नाकातले केससुद्धा गुलाबी झालेले असत. कमळाकर डोळे आखायचा. कारखान्यात डोळे आखणाऱ्याची जागा खिडकीपाशी असते, उजेडात. त्याला हाक मारायची ती जरा थांबून. त्याच्या हाताशी कुंचला आहे की नाही ते बघून. शेठ स्वतः त्याच्यासाठी चहा आणून ठेवायचे. बुबुळ भरलं, त्यात पांढरा ठिपका दिला की कमळाकर कुंचला कपाळाला लावायचा आणि मूर्तीच्या तोंडावर कागद टाकायचा. डोळे उघडलेल्या मूर्तीसमोर कुणी शिवी द्यायची नाही, विडी ओढायची नाही, असा तिथला रिवाज. विठूने रंगवलेल्या मूर्तींसमोर काहीही चालायचं, कारण त्या अजून आंधळ्या असत.

ही उतरंड कमळाकरला आवडायची. विठू त्याचा दोस्त होता, जिवाभावाचा होता, आणि एक पायरी खाली होता.

ब्याण्णव साली गणपती बुडाले, कारखान्यात काम थंडावलं, तेव्हा कमळाकरने त्याला निडीला नेलं. पेणहून पॅसेंजरने गेले. मामा वारून दोन पावसाळे झाले होते. पण वाट कमळाकरच्या पायांत होती. ओढा, मग बांबूचं बेट, मग कारवीचं दाट रान, मग खिंड. खिंडीत दोन वाटा फुटतात. उजवी गडावर जाते. डावी थोडं चालून कारवीत विरते आणि पुढे एकदम कडा. त्या तिठ्यावर दगडांची एक रास होती. मोळीवाल्या बाया येता-जाता तिच्यावर हिरवी डहाळी ठेवायच्या, पायात काटा मोडू नये म्हणून. कमळाकरने ठेवली. विठूनेही ठेवली.

वर गेल्यावर विठू थेट गडाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. खाली कुंडलिका, तिच्यापलीकडे रोह्याच्या कंपन्यांचा धूर, आणि खूप लांब वायव्येला चकाकणारी एक रेघ.

"ती खाडी ना रं?" विठूने विचारलं.

"व्हय."

"म्हणजे आमी तिथं खाली व्हतो. इतकी वर्सं." आणि मग तो हसला. ते हसू कमळाकरला तेव्हा नुसतंच गमतीचं वाटलं.

उतरताना कमळाकरने त्याला गुणाजीमामाची गोष्ट सांगितली. एकदा धुकं इतकं उतरलं की मामाला स्वतःची मोळी दिसेना. वाट सुटली. मामा घाबरला नाही. त्याने मोळीचा दोर सोडला, एक टोक झाडाला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि झाडाभोवती गोल फिरत राहिला. आधी जवळून, मग दोर सैल सोडत लांबून. अनवाणी तळव्याला पाचोळा लागत होता, लागत होता, आणि एका ठिकाणी गार, गुळगुळीत, चोपलेली माती लागली. ती वाट. मामाने दोर सोडला आणि घरी आला. विठूने ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

पुढच्या आठवड्यात विठू एकटाच गेला. त्याच्या पुढच्याही. एकदा निडी स्टेशनवर मुंबईची कॉलेजातली मंडळी वाट विचारत उभी होती. हा त्यांना घेऊन गेला. त्यांनी पुन्हा बोलावलं. मग त्यांच्या क्लबाने त्याला कुठल्याशा शिबिराला पाठवलं. तिथून तो दोर बांधायला, जखमी माणसाला पाठीवरून उतरवायला आणि अनोळखी माणसांशी न लाजता बोलायला शिकून आला. पुढच्या वर्षी विसर्जन झालं त्याच आठवड्यात त्याने शेठच्या हातात गन ठेवली.

"कमळ्या, चल," पेण स्टेशनच्या बाकड्यावर बसून तो म्हणाला होता. "दोघं मिळून करू. वाट तुझी, बडबड माझी."

"सीझन तोंडावर आलाय," कमळाकर म्हणाला.

विठू त्याच्याकडे बघतच राहिला. विसर्जनाच्या गुलालाचे डाग अजून दोघांच्या शर्टावर होते.

त्या एका वाक्यावर कमळाकरने पुढे किती विचार केला असेल याला गणती नाही. आपण असं का म्हणालो? खिडकीजवळची जागा सुटेल म्हणून? हातातलं सोडायची भीती? की विठूने विचारलं म्हणून, आपल्याआधी त्याने विचारलं म्हणून? डोळे आखताना हे विचार यायचे आणि बुबुळ गोल यायला त्रास व्हायचा. पूर्वी असं कधी झालं नव्हतं.

दरम्यान विठूचं सगळंच बदललं. खोकला गेला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. केसांत रंगाऐवजी कुसळं असायची. पायात जाड तळव्याचे बूट आले आणि ते बूट घालून तो पेणच्या बाजारातून चालला की लोक वळून बघत. रोह्याच्या हॉटेलवाल्याने त्याचा फोटो गल्ल्यामागे लावला. शेठसुद्धा, ज्यांची गन तो ठेवून गेला, कुणी गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "तो गडवाला विठू माहीत असेल ना? आमच्याच कारखान्यातला." आणि मग खिडकीकडे बोट करून, "हा त्याचा दोस्त."

हा त्याचा दोस्त! कमळाकर मान न उचलता पापणीची रेघ ओढत राही.

घरी बायकोने, नमिताने, एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, "विठूभावोजी किती बारीक झाले गो बाई, पण तोंडावर तेज कसलं!" गो बाई म्हणजे तिने शेजारणीला म्हटलं होतं, ऐकलं मात्र कमळाकरने.

"ऊन लागतं ते. तेज कसलं?"

"मग तुमी पण जावा की उनात. कोण आडवतंय?"

"आणि डोळे कोण आखील?"

"आखील कोनतरी. जग काय आंधळं राहनार हाय?" नमिता हसली. तिने सहज म्हटलं होतं. कमळाकर भाकरी तशीच टाकून उठला.

कमळाकरला विठूकडून एकच गोष्ट हवी होती. मोठी नव्हती. विठूने एकदा, चार लोकांत, म्हणावं की हा डोंगर मला कमळाकरने दाखवला. एवढंच. म्हटलं की मिटलं. असं त्याला वाटायचं, आणि ते ऐकायला म्हणून एका रविवारी तो विठूच्या एका तुकडीबरोबर गडावर गेला.

विठूने त्याला मिठी मारली. "हा माझा दोस्त, कमळाकर," असं सगळ्यांना सांगितलं. कमळाकर थांबला. पुढचं वाक्य आता येईल. आलं ते असं : "गणपतीचे काय डोळे काढतो! बघत राहाल." लोकांनी वा वा केलं आणि सगळे चालायला लागले. कमळाकर रांगेत मागे राहिला. त्याच्या पुढे चालणाऱ्या एका बाईने वळून त्याला सांगितलं, "काका, सांभाळून हं, इथे घसरतं." त्या घसरणीवर तो लहानपणी डोळे मिटून उतरायचा.

वर, पाण्याच्या टाक्याजवळ सगळे डबे उघडून बसले तेव्हा विठूने गोष्ट सुरू केली. "एकदा काय झालं, माझे मामा होते, गुणाजी म्हणून. लाकूडफाट्याला यायचे इथं..."

कमळाकरच्या हातातला घास हातातच राहिला.

विठूने धुकं सांगितलं तेव्हा माणसं आपसूक जवळ सरकली. दोर बांधला तेव्हा त्याने खरोखरच खिशातून दोरी काढून झुडपाला बांधली. माती लागली तेव्हा त्याने बूट काढून पाय जमिनीवर ठेवला आणि डोळे मिटले. एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसायला लागले. गुणाजीमामा कमळाकरच्या तोंडी कधी इतका जिवंत झाला नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं.

उतरल्यावर स्टेशनात त्याने विठूचा दंड धरला. "मामा कोणाचा रं?"

"तुझा."

"मग?"

"अरे, दोस्ताचा मामा म्हटलं की गोष्ट लांबची व्हते. माझा मामा म्हटलं की लोक जवळ येतात. त्यात काय येवढं?" त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "तू रागावलास व्हय?"

"नाय," कमळाकर म्हणाला.

थंडीत विठू कारखान्यात आला. क्लबाचं मोठं शिबिर ठरलं होतं, मुंबई-पुण्याचे लोक येणार होते. वाटेवर खुणा रंगवायच्या होत्या. "तुझा हात लागू दे, कमळ्या. दुसरा कोनी बाण काढील तर बाणाचा भोपळा व्हईल. आनि एक काम हाय माझं तिथं तुझ्याशी. शिबिराला यायचंच. आत्ता सांगनार नाय."

एका सुट्टीच्या दिवशी कमळाकर एकटाच गेला. कारखान्यात शेंदरी ऑईलपेंटचा उरलेला डबा होता तो घेतला. बरोबर सवयीने डोळ्यांचे कुंचले आणि काळ्या-पांढऱ्या रंगाच्या दोन वाट्याही. ओढ्यापासून बाण काढत तो वर सरकला. सुबक बाण, मापातले. प्रत्येक बाणाबरोबर त्याला वाटत होतं की आपण आपल्याच घराच्या भिंतीवर दुसऱ्याचं नाव लिहितो आहोत.

खिंडीत पोचला. डाव्या-उजव्या वाटेमध्ये ती रास होती आणि राशीमागे गुडघाभर उंचीचा एक उभा दगड. इथे बाण उजवीकडे हवा. कमळाकरने कुंचला बुडवला आणि थांबला. बाण डावीकडे काढला तर? हा विचार आला, आणि तो आपल्याला आला याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही, याचीच त्याला भीती वाटली. कडा त्याला माहीत होता. तो विचार हातातून झटकावा म्हणून त्याने बाण काढलाच नाही. तो दगडच रंगवत सुटला. सगळा दगड, वरपासून खालपर्यंत, शेंदरी. श्वास लागेपर्यंत. मग वाट्या उघडल्या.

इथून जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्या डोळ्यांपुढून जावं लागेल, असं त्याच्या मनात होतं. विठूला तर रोज.

त्याने डोळे आखले. कारखान्यात ओळीने मूर्ती असतात, घाई असते. इथे एकच दगड होता आणि वारा. पापणीची रेघ कधी नव्हे अशी उतरली. बुबुळ भरलं, पांढरा ठिपका ठेवला, आणि आयुष्यातले सगळ्यात चांगले डोळे त्याच्याकडे बघायला लागले. मग हाताने आपलं नेहमीचं काम केलं : कुंचला कपाळाला लागला. आणि खिंडीत आल्यावर जे करायचं तेही हातानेच केलं. जवळची जांभळीची डहाळी मोडून दगडापुढे ठेवली. कमळाकरने यातलं काहीच ठरवून केलं नव्हतं.

तो उतरला. वाटेत मोळीवाल्या बाया वर चढताना भेटल्या.

चार दिवसांनी विठू कारखान्यात शिरला तो बूट न काढताच.

"काय करून ठेवलंस तू?"

"काय?"

"खिंडीत देव निघालाय! निडीची बायजाबाई बाण काढल्याच्या सांजेला वर गेली, तर शेंदूर लावलेला देव, उघडे डोळे, पुढं ताजी डहाळी. मोळी टाकून खाली पळत आली. आता नारळ काय, घंटा काय! मंगळवार धरलाय त्यांनी देवाचा."

कमळाकरला आधी हसू आलं, मग घाम. "मग पुसून टाकू."

"पुसतोस? देव? तू जा, पूस. मी खाली उभा राहून बघतो तुझं काय करतात ते." विठू बाकड्यावर बसला. बुटाच्या टोकाने तो जमिनीवरचा वाळलेला रंग खरवडायला लागला. मग हळू म्हणाला, "मी शिबिरात सगळ्यांना खिंडीत थांबवून सांगनार व्हतो. ही वाट कमळाकरची. मामा पण त्याचाच. खुणा त्याच्या हातच्या. स्टेशनात तू नाय म्हनालास, पन तुझं तोंड बघितलं व्हतं मी. म्हनून तर तुला बाण काढायला लावले. आता खिंडीत उभा राहून काय सांगू? देव माझ्या दोस्तानं रंगवला?"

शेजारची गन फुसफुसत होती. कमळाकरने समोरच्या मूर्तीच्या तोंडावर कागद टाकला.

शिबिर झालं. कमळाकर गेला नाही. विठूने बूट काढून देवासमोरून लोकांना नेलं आणि लोकांना ते फारच आवडलं, असं कळलं. पुढे तो रिवाजच झाला : विठूच्या तुकडीत आलात की खिंडीत बूट काढायचे, डहाळी ठेवायची. देव त्याच्या वाटेवर निघाला म्हणून गावात विठूचा मान आणखी वाढला. कमळाकरने जे जे केलं ते ते विठूच्या पदरात जाऊन पडत होतं. आणि ते सगळ्यात चांगले डोळे आपले आहेत, हे कमळाकर कुणाला सांगू शकत नव्हता. नमितालासुद्धा नाही.

पावसाळ्यात मात्र एक गोष्ट झाली. शेंदरी रंग तेलाचा होता, तो टिकला. डोळे पाण्याच्या रंगाचे होते. ते वाहून गेले.

आश्विनात बायजाबाई कारखान्याच्या दारात उभी राहिली. सुरकुतलेली, ताठ. मागे विठू.

"आमच्या देवाचं डोलं गेलं," ती शेठना म्हणाली. "विठू म्हनतो, डोल्यांचा मानूस तुमच्याकडं हाय. धाडा त्याला."

विठूने खिडकीकडे बोट दाखवलं. कमळाकरशी नजर मिळवली नाही.

दुसऱ्या दिवशी ते चढले. विठूबरोबर पुण्याची एक तुकडीही होती. पुढे विठू, मग तुकडी, मागे बायजाबाई आणि वाट्या घेतलेला कमळाकर. ओढ्याशी बायजाबाई थबकली. कमळाकरने ओल्या दगडावर न बघता पाय टाकला होता, आणि ती त्याच्या पायाकडे बघत होती.

"तू गुनाजीचा भाचा ना रं?"

"व्हय."

"मगाधरनं बगते मी. चाल तीच." आणि पुढच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "अरे विठू! तू कोनाला वाट दावतोस? वाट हेच्या मामाची हाय!"

सगळे थांबले, वळले. विठूही वळला. इतक्या वर्षांनी ते वाक्य आता समोर उभं होतं.

"व्हय गो म्हातारे," विठू मोकळेपणाने म्हणाला. "ह्यानंच मला पैल्यांदा आनलं इथं. मामा पन ह्याचाच. मी आपला लोकांना माझा म्हनून सांगतो." आणि तो हसला. लोक हसले. एका मुलीने कमळाकरला म्हटलं, "अरे वा, काका!" विठू पुढे वळला, त्याच्या मागे सगळे पुन्हा चालायला लागले.

कमळाकर उभा राहिला. वाक्य आलं होतं आणि गेलं होतं. काहीच झालं नव्हतं. लोकांची तोंडं विठूच्या पाठीकडे होती, पहिल्यासारखीच.

खिंडीत सगळ्यांनी बूट काढले, डहाळ्या ठेवल्या. कमळाकर दगडापुढे बसला. विठू क्षणभर त्याच्याजवळ वाकला. "कमळ्या, अजून येतो म्हनशील तर चल. माझ्या एकट्याच्यानं आवरत नाय." कमळाकरने मान हलवली, हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही. हातात ओला कुंचला होता आणि पापणीची रेघ अर्ध्यावर. विठू थोडा वेळ थांबला. मग तुकडी घेऊन उजव्या वाटेने वर गेला.

एक डोळा झाला तेव्हा वरून, कारवीपलीकडून, विठूचा आवाज ऐकू आला. "एकदा काय झालं, माझ्या दोस्ताचा मामा होता, गुणाजी म्हणून..." कमळाकर ऐकत राहिला. दोस्ताचा मामा म्हणूनही गोष्ट तितकीच जवळ आली. धुकं उतरलं. दोर बांधला गेला. माती लागली त्या जागी वर सगळे गप्प झाले, ती शांतताही खिंडीपर्यंत पोचली. मामा परत मिळाला होता. हवं होतं ते काही तरी दुसरंच होतं, आणि ते बूट घालून वर चढत होतं.

मूर्तीचं बुबुळ खाली असतं, समोर हात जोडणाऱ्याकडे बघणारं. कमळाकरचा हात जन्मभर तसाच चालला होता. आज त्याने बुबुळ वर, उजव्या कोपऱ्यात धरलं. दुसऱ्या डोळ्यातही तसंच. पांढरा ठिपका दिला. कुंचला कपाळाला लावायला गेला आणि राहिला.

बायजाबाई वाकून बघत होती. "देव वर का बगतो रं? त्या वाटंकडं?"

कमळाकर वाट्या धुवायला उठला.

"राहू दे," तो म्हणाला. "बघू दे त्याला."